एक अँपिअर

शुक्रवारी संध्याकाळी शशिकलानं ओट्यावर खोकं ठेवलं,
मुश्ताकच्या दुकानातलं, सारडा सर्कलचं.
पावती उलटी करून तिच्यावर मिठाची बरणी.
म्हणाली, रविवारी बाऱ्ह्याला जायचंय.
गाडीवर?
मग काय, विमानानं?

दिवाळीपासून आमचं बोलणं म्हणजे
गॅस संपला, पाणी आलं, पेपर कुठंय.
कारण हीच गाडी. भंगारवाला तिनं बोलावलेला,
मी त्याला चहा पाजून परत पाठवलेला.

बॅटरी कोरडी. हलवली तरी आत काही डुचमळत नाही.
सहा घरं, सहा बुचं, आणि कुशीला लाल रबरी टोपी.
आधी ती काढायची.
अंबडला आमचे फोरमन गवांदे हे सांगताना
स्वतःची डावी भुवई दाखवायचे,
जिथं केस परत उगवलेच नाहीत.
"वाफेला वाट ठेव. कोंडलेलं फुटतं."
गवांदे सगळंच म्हणीत बोलायचे,
पण भुवई खरी होती.

मागच्या गॅलरीत नेली. जुना शर्ट, चष्मा.
ती न सांगता खाण्याच्या सोड्याची वाटी घेऊन उभी.
ॲसिड पाण्यासारखं दिसतं
आणि पाण्याहून सावकाश पडतं.
नरसाळ्यानं एकेका घरात, वरच्या रेघेपर्यंत.
बॅटरी कोमट झाली,
ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळाइतकी.
अर्ध्या तासानं पाहिलं तर रेघ उघडी. प्यायली होती.
पुन्हा भरली.
एक थेंब माझ्या पायजम्यावर.
तिनं चिमूटभर सोडा टाकला, तो फसफसला,
आणि ती पटकन हसली,
मग हसू आवरून आत गेली.

नऊची बॅटरी, म्हणजे एक अँपिअर, दहा तास.
लाल लालला, काळा काळ्याला, बटण सगळ्यात शेवटी.
मुश्ताक तिला म्हणाला होता,
भाभी, मोठ्या चार्जरवर दोन तासांत करून देतो.
ती नको म्हणाली.
हे मला मुश्ताककडूनच कळलं, पुढं कधीतरी.

रात्री नऊ. काटा एकवर.
बुचं काढलेली, आत बारीक चुरचुर.
थंडी अशी की निफाडकडं
बागांतून शेकोट्या पेटल्या असणार.
मी खुर्ची टाकून बसलो. बसायची गरज नव्हती.

दीड वाजता लाईट गेली.
काटा शून्यावर आडवा झाला, अख्खं सिडको काळं.
अंधारातून तिचा आवाज: किती झालं?
साडेचार तास.
तिनं टॉर्च तोंडात धरून
पावतीच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं: ४॥.
मग जवळचा डबा उलटा करून त्यावर बसली.

"सोमवारी पहाटे सोडायला यायचास शाळेवर.
ननाशीपर्यंत एक शब्द बोलायचा नाहीस."
तोंड उघडलं की किडे जायचे, मी म्हणालो.
"तीन वर्षं?"
किडे पुष्कळ होते.
यावर ती काही बोलली नाही.
चुरचुर अजून चालू होती, वीज नसतानाही,
हळूहळू कमी होत.

तीन दहाला लाईट आली.
तिनं वेळ लिहिली आणि शाल माझ्याकडं फेकून झोपायला गेली.

सकाळी पावणेनऊला बटण बंद, मग चिमटे काढले.
हायड्रोमीटरचा तरंगा हिरव्यात, सहाही घरांत.
बुचं लावली, पुसून घेतली,
टर्मिनलांना तिच्या टाचांचं व्हॅसलीन.
वाफेची नळी चेनपासून लांब, खाली सोडली.
आधी धन, मग ऋण.
चावी फिरवली. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला.

मी किक मारायच्या आत तिनं हॉर्न दाबला,
लांब, आवश्यकतेपेक्षा बराच लांब.
समोरच्या टर्ल्यांची खिडकी उघडली.
"उद्या बाऱ्ह्याला चाललोय," तिनं ओरडून सांगितलं.

ओट्यावर पावती अजून उलटीच होती.
मी किंमत बघितली नाही.
"टायर बघ," ती म्हणाली. "मागचा बसल्यासारखा वाटतोय."