शून्य ते दहा

पोट कापलं, आणि दुखतोय उजवा खांदा.
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.
यारित्सा म्हणते, पोट फुगवायला भरलेला वायू
वर सरकून बसतो, चालल्याशिवाय जात नाही.
ऊठ, नेलिदा.

भिंतीला हात लावत मी चालते,
पोटाशी उशी धरून, जणू कुणाची तरी चोरून आणलेली.
अठ्ठावीस पावलं. खिडकी. खिडकीत सामुद्रधुनी,
पाणी उलटं विंचरणारा वारा.
परत अठ्ठावीस.

एकतीस वर्षं भट्टीसमोर उभी राहिले.
पहाटे तीनला पीठ, पाचला पाव,
सहाला गोदीवरची माणसं.
आणि मोडलेला, करपलेला, न खपलेला
कुणीतरी संपवायला हवा ना?
मी संपवत गेले.

डॉक्टर कुझ्मानिचनी कागदावर काढून दाखवलं होतं:
एवढं काढू, एवढं ठेवू.
ठेवलेलं, माझ्या कणीक कापायच्या सुरीच्या
मुठीएवढं.

आता औषधाच्या इवल्या पेल्यात पाणी.
एक पेला, पंधरा मिनिटं.
घोट नव्हे, घोटाचं पिल्लू,
तेही छातीत थांबून विचार करतं
उतरू की नको.

रात्री यारित्सा विचारते, किती? शून्य ते दहा.
चार, मी म्हणते.
होते सात. खोकला आला की नऊ.
पण हे दुखणं मी मागून घेतलेलं,
पाव पोचवायची व्हॅन विकून.
नणंद म्हणालीच होती,
तोंड मिटलं असतंस तर फुकटात झालं असतं.
मागून घेतलेल्याचा आकडा
मोठा सांगायची लाज वाटते.

यारित्सा जात नाही.
दिव्याखाली माझा हात उलटा करते.
मनगटापासून कोपरापर्यंत तापल्या ट्रेचे जुने डाग.
"भट्टीत हात घालायला कुणी सांगितलं होतं?"
कुणी नाही.
"मग तेव्हा दुखलं नव्हतं?"

सात, मी म्हणते.
सात म्हणताना रडू येतं, रडताना टाके ओढतात,
त्याचं हसू येतं, ते तर त्याहून वाईट.
ती नळीत काहीतरी सोडते.
खांदा हळूहळू कुणा दुसऱ्याचा होतो.

कणीक कापली की तिला लगेच हात लावायचा नसतो,
ओलं फडकं टाकून विसरून जायचं.
हे मी कामावरच्या पोरांना शिकवलं.
स्वतःला कधी नाही.

पाचवा आठवडा. पुन्ता आरेनासच्या चौकात
वाऱ्याच्या दिवसांत दोर बांधतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
मी कधी धरला नव्हता.
नेलिदाला हलवील असा वारा अजून जन्मायचाय,
पोरं म्हणायची,
आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचे.

आज कोट सैल.
माझ्या आणि कोटाच्या मधे जी जागा झालीय
तीत वारा शिरला, शिडात शिरावा तसा,
आणि मी न टाकता
माझं एक पाऊल पडलं.

दोर धरला.
डाव्या बरगडीखालच्या टाक्यातून कळ गेली.
किती, असं कुणी विचारलं नाही.
तीन, मी सांगितलं.
खरंच तीन.