अंगठ्याची नाडी

नेरुळ, सेक्टर अठ्ठावीस. दर बुधवारी, पावणेसात.
कुरियन अंकलचं उपाशीपोटीचं रक्त घेते,
ट्यूबवर नाव, वेळ. ट्यूब बर्फाच्या डब्यात.
मग त्यांचा नाश्ता. मग बरोबर दोन तासांनी
दुसरं.

मधले दोन तास मी पूर्वी
तलावाच्या कठड्यापाशी स्कूटीवर बसून काढायची.
आता जेरीन आतल्या खोलीतून बेस आणतो
आणि माझ्या गळ्यात अडकवतो. साडेचार किलो.
डाव्या खांद्यावर डब्याच्या पट्ट्याचा जुना वळ आहे,
हाही नेमका तिथेच बसतो.

जेरीन बावीसचा, मी एकेचाळीसची.
तो मला सिस्टर म्हणतो, मी त्याला सर.
अंकल पुट्टू कुस्करत दोघांनाही हसतात.

"अंगठा, सिस्टर. अंगठ्याच्या कडेचं हाड.
जाड तारेवर, फळी संपते तिथे.
मारायचं आणि तिथे थांबायचं नाही."
मी मारते आणि थांबते.
तार माझ्याखाली चिरडून थप्प म्हणते,
बादलीत पडलेल्या ओल्या टॉवेलसारखी.
पुन्हा. थप्प.
पुन्हा, दोन तारा एकदम: थप्प-खर्र.
आंटी स्वयंपाकघरातून विचारतात,
नारळ फोडताय का?

सोळा वर्षं लोक म्हणतात, हात हलका आहे तुमचा.
झालं पण? कळलंसुद्धा नाही.
वाशीपासून सीवूड्सपर्यंत माझी कीर्ती हीच,
की मी येऊन गेले हे कळत नाही.
आणि हा मुलगा सांगतो,
कळू दे.

तर्जनीचं काम मात्र पहिल्याच दिवशी जमलं.
पातळ तारेखाली बोट घालायचं, उचलायचं, सोडायचं. टण्ण.
शीर शोधणारं बोट आहे ते, त्याला काय शिकवायचं.
अडलंय ते अंगठ्याशी.

ठाण्याच्या सिव्हिलमध्ये ट्रेनिंगचा पहिला दिवस,
गोडांबे मेट्रन टेबलावर पट्टी आपटत:
नाडी अंगठ्याने बघायची नाही, कधीच नाही.
अंगठ्याला स्वतःची नाडी असते.
पेशंटची म्हणून आपलीच मोजत बसाल.
तेव्हापासून मी तो दुमडून बाजूला ठेवलाय,
प्रत्येकाच्या मनगटापासून लांब,
आगाऊ पोराला पाहुण्यांपासून ठेवावं तसा.

"दाराची मूठ फिरवल्यासारखं मनगट," जेरीन म्हणतो.
माझ्या घरच्या दाराला मूठ नाही, कडी आहे.

तिसऱ्या बुधवारी हातालाच आठवलं.
पाऱ्याचा थर्मामीटर.
एकशे दोनवरून खाली आणायला
वॉर्डात मनगट कसं झटकायचो आम्ही,
काच हातातून सुटायची नाही
आणि पारा मात्र उतरायचा.
तसं मारलं.
अंगठा गेला नि आला, तार मागे राहिली
आणि बोलली.
एकच स्वर. पोटात, फरशीत,
अंकलच्या बशीतल्या चमच्यात.

जेरीनने पाऱ्याचा थर्मामीटर पाहिलेला नाही.
मी रिकामा हात झटकून दाखवला.
त्याने वहीत लिहून घेतलं.

पुढचे चार वेळा थप्पच आलं,
हेही सांगितलं पाहिजे.

नऊला दहा कमी. अंगठ्याच्या कडेला फोड,
पाण्याने टच्च. त्यावर ग्लोव्ह चढवते.
अंकल बाही वर करतात, मी पट्टा बांधते,
तर्जनी नेहमीसारखी शीर चाचपते
आणि ग्लोव्हच्या आत
अंगठा एकटाच ठणकत असतो.
पहिल्यांदाच मोजला. अठ्ठ्याऐंशी.

अंकलची साखर दोनशे दहावरून एकशे छप्पन्नवर आलीय.
आणखी उतरली, तर डॉक्टर म्हणतात,
दर आठवड्याला नको, तीन महिन्यांनी बघू.
चांगलंच आहे.
छान, अंकल, असंच चालू ठेवा, मी म्हणते.
पुट्टूबरोबर अजून एक केळं घ्या,
असं काही मी म्हणत नाही.