बारा मीटर खाली

गालिसियातल्या या चिंचोळ्या खाडीत
आमच्या यंत्राला रात्री दोनला समुद्र सुचतो.
उद्या दुपारी, बारा मीटरवर : सोळा अंश.
प्रवाह आत, संथ.
नकाशा इतका गुळगुळीत
की त्यावरून हात फिरवावासा वाटतो.

आणि आंशोच्या तराफ्याखाली
शिंपल्यांनी लगडलेल्या दोराला बांधलेली
माझी नळी म्हणते : बारा पूर्णांक एक.

चाळणीने तो आकडा फेकून दिला.
चाळणी मीच लिहिली होती, गेल्या हिवाळ्यात :
अंदाजापासून तीन अंशांपलीकडे जाईल
तो खोटा समजावा.

मी फोन केला.
आंशो दोर ओढत होता.
"अंश-बिंश तुझे तू बघ, साबेला.
पहाटेपासून बोटं मला माझी वाटत नाहीत.
तीन दिवस उत्तरेचा वारा आहे,
तळाचं पाणी वर येणारच.
तुमच्या यंत्राला वारा लागत नाही का?"

लागतो. दर नऊ किलोमीटरला एकदा.
खाडी रुंदीला चार.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात;
आम्ही तर हे शीत
पातेल्यातलंच नाही म्हणून बसलो होतो.

आकडा कचऱ्यातून उचलला,
झटकला, परत घातला.
त्याच्यावर किती विसंबायचं, गणितावर किती,
हे ठरवायलाही एक गणित आहे;
त्यातली एक जागा मात्र
दरवेळी मलाच हातानं भरावी लागते.
भरताना मी खिडकीबाहेर बघते.

दुसऱ्या फेरीत नकाशा
खाडीच्या तोंडाकडून निळा होत गेला,
जिथे एकही नळी नाही तिथेसुद्धा.
एका दोराचं म्हणणं
अख्ख्या किनाऱ्यानं मनावर घेतलं.
शुक्रवारी वारा पडेल, असं आता तो सांगू लागला,
पाणी उलटं फिरेल,
बाहेरचं तांबडं शेवाळ आत येईल.

आंशोने गुरुवारीच शिंपले काढायला घेतले.
पटलं म्हणून, की माझं मन राखायला,
मी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी खारटपणाचा आकडा घसरू लागला.
रोज थोडा. पाऊस नाही, नदीला पूर नाही.
कुठेतरी पाणी मुरत होतं.
यंत्र आपलं म्हणणं सोडेना,
मी नळीची बाजू घेऊन भांडत राहिले,
शेवटी होडीतून गेले.

दोर वर आला. नळीच्या तोंडात
नखाएवढी शिंपली दाटीवाटीनं बसलेली,
घर मिळाल्यासारखी.

आंशोने खिशातून दात घासायचा जुना ब्रश काढला.
"कोणाचा ते विचारू नकोस," म्हणाला.