बोकडाच्या अंगातलं दूध

अश्लेषानं शेपटीकडचे केस उपटले
मुळासकट, वीस-पंचवीस,
कागदी पाकिटात घातले, वर लिहिलं: सरदार.
दुसऱ्या पाकिटाशी पेन थांबलं.
मी म्हटलं, लिही, वाकड्या.
नाव ठेवायचं राहून गेलं होतं त्याचं,
शिंगावरूनच हाक मारायचो.

सरदार म्हणजे नांदूरशिंगोट्याच्या बाजारात
चहा अर्धा टाकून लोक बघायला यायचे असा.
पांढराशुभ्र, छाती पुढे, चालण्यात पाटीलकी.
वाकड्या तिळ्यातला शेवटचा, बाटलीवर जगलेला,
डावं शिंग असं, की जन्मल्यापासून
मागून कुणी हाक मारतंय.

सासूबाई म्हणायच्या, खाण तशी माती.
कोणती शेळी कुणाची पणती
हे त्या भाकरी थापता थापता सांगायच्या,
मोरीची बांडी, बांडीची कवळी.
बापाचं विचारलं तर पीठ झटकायच्या:
आला असेल कुठला तरी.
जो दूध देत नाही
त्याचा हिशोब कशाला?

अश्लेषा म्हणाली, आत्या,
आईकडून अर्धंच येतं.
उरलेलं अर्धं बोकडाच्या अंगात असतं,
त्याला स्वतःला कधीच न पान्हावणारं.
मी हसले.
पण रात्री मोबाइलच्या उजेडात
सरदारच्या पोटाखाली वाकून बघितलं,
उगाच.

पाचव्या शुक्रवारी लेकीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते.
वाकड्या विकला. सहा हजार दोनशे.
वावीचे कासमभाई खाटीक,
त्यांनी दोरी हातात घेतली तेव्हा
तो त्यांच्याकडे नाही, शिंगाकडेच बघत होता.

सातव्या शुक्रवारी रिपोर्ट आला.
अश्लेषानं फोनवर वाचून दाखवला, हळू,
एखाद्याच्या घरचं वाईट कळवावं तसा.
दुधाला घट्टपणा देणाऱ्या जागेवर
सरदारच्या दोन्ही बाजू पडक्या.
शिवाय तो आणि कवळी एकाच बापाची,
आणि मी पुढच्या महिन्यात
त्यांचंच लावून देणार होते!
मग ती थांबली.
वाकड्याच्या दोन्ही बाजू भक्कम, आत्या.
कुठंय तो?

वावीपर्यंत स्कूटी कशी चालवली आठवत नाही.
एवढंच आठवतं, की वाटेत कुठल्यातरी घरातून
फोडणीचा वास आला
आणि पोटात गोळा आला.

कासमभाई ओट्यावर सुरी नाही, दाढी विंचरत होते.
मागं बाभळीखाली तो उभा,
शेंगा चघळत.
म्हणाले, अंगावर मांसच नाही बाई याच्या,
महिनाभर खाऊ घालतो म्हटलं, मग बघू.
मी म्हटलं, परत द्या.
नऊ हजार, म्हणाले.
दोन शुक्रवारांत असं काय सोनं लागलं याला?
दूध, मी म्हटलं.
ते इतके हसले, की आतून सून बघायला आली.

नऊ हजार दिले. घासाघीस केली नाही,
हे घरी अजून सांगितलेलं नाही.

आता वही केलीय, लेकीचीच, अर्धी कोरी उरलेली.
डाव्या रकान्यात सासूबाईंच्या तोंडचं सगळं,
मोरी, बांडी, कवळी.
उजवीकडे बापांचा रकाना.
वरून खालपर्यंत नुसत्या रेघा,
आणि अगदी तळाला
एक नाव, जे नावच नव्हे.

अश्लेषा बजावते, कागद म्हणजे शक्यता, खात्री नव्हे.
कवळीला पाठ व्हायला हवी,
ती वाढायला हवी, गाभण राहायला हवी,
विऊन तिचं दूध मापात पडेल तेव्हा कळेल.
दोन वर्षं धर.
धरली.

सरदारला विकला नाही मी.
लोक अजून येतात, चहा टाकून बघतात,
किंमत विचारतात.
मी म्हणते, बघा, बघायला काही लागत नाही.
पलीकडे वाकड्या कुंपणाला शिंग घासतोय,
ते त्या वाकड्या बाजूनंच झिजतंय,
सरळ होईल असं काही दिसत नाही.