बोली

मागच्या पाडव्याला मुहूर्ताचा सौदा मीच काढला.
ढिगावर उभा, पायाखालून नवं सोयाबीन सरकतंय,
चार हजार दोनशे... दोनशे दहा... दोनशे दहा...
आवाज गूळ मार्केटपर्यंत गेला म्हणे.
तेव्हाही घशात काहीतरी टोचत होतं.
म्हटलं, धूळ असंल.
एकतीस वर्षं दुसरं काय गिळलं?

मग बार्शी.
दवाखान्यातली रांग आडतीवरच्यासारखीच,
फक्त इथं मालच
आपला पुकारा ऐकत बसलेला.
डॉक्टरांनी कागदावर गळा काढला
आणि त्यावर एक आडवी रेघ मारली.
"जीव राहील. आवाज जाईल."
इतका एकरकमी भाव मी कधी ऐकला नव्हता.
मी वाढवून मागणार,
तेवढ्यात महानंदा म्हणाली, "द्या."

चहावर फुंकर मारता येणार नाही,
हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.
श्वास आता गळ्याच्या भोकातनं येतो, तिथनंच जातो.
तोंडाकडं नुसतं जेवणाचं खातं.
भाजलेले शेंगदाणे चोळून बसतो.
साली उडवायला नातवाला हाक मारावी म्हणतो,
आणि हाक म्हणताच
हात तसेच सुपात राहतात.

लेकीनं पुण्याहून पाटी पाठवली.
उन्हाळ्यात एकदा तिच्यावर लिहिलं, मीठ नाही,
आणि कुणी वाचायच्या आत
भिंतीवर मारली.
महानंदा तुकडे गोळा करत होती.
एका तुकड्यावर नुसतं 'मी' राहिलं होतं.
तो तिनं फेकला नाही.
कुठं ठेवला, तेही सांगत नाही.

माझे आप्पा हाळीच्या बाजारातले हेडी.
धोतराच्या सोग्याखाली दोन माणसांचे हात,
तोंडं भलतीकडं, एक बैलाकडं, एक आभाळाकडं,
आणि आत बोटांत
हजार, पाचशे, अर्धा, बास.
मला लाज वाटायची.
चोरट्यासारखं काय बोलायचं?
म्हणून तर मी ओरडायचा धंदा धरला.

श्रावणात एका रात्री लाईट गेली.
अंधारात पाटी काय कामाची,
ओठ हलवून तरी कुणाला दिसणार?
चादरीखाली महानंदाचा हात लागला
आणि मी तिची दोन बोटं दाबली.
आप्पांच्या हातानं दाबली, असं वाटलं.
"म्हंजे काय?" ती म्हणाली.
मलाही माहीत नव्हतं.
मग ठरत गेलं.
एक बोट, पाणी. दोन, जागी आहेस का.
मूठ, दुखतंय.
पाचही बोटं म्हणजे काय
ते इथं लिहायचं कारण नाही.
ती चुकते बऱ्याचदा.
जागी आहेस का विचारलं
की उठून तांब्या घेऊन येते.
मी पितो.

दसऱ्यानंतर शेठनं निरोप धाडला.
मौलासाब हमालाचा इर्शाद माझ्या जागी उभा राहणार होता.
पोरगं घशातनं ओरडायचं,
दुपारपर्यंत फाटका कर्णा.
मी त्याच्या पोटावर तळवा ठेवला.
इथून.
चौथ्या दिवशी तळव्याखाली काहीतरी उचललं गेलं
आणि बेदाण्याच्या दुकानातली माणसं बाहेर आली.
आवाज पातळ आहे त्याचा, थोडा नाकातला.
चालतो.

आज पाडवा.
वहीला कुंकू लागलं, पेढे वाटले,
इर्शाद ढिगावर चढला.
मी खाली, धूळ नको म्हणून गळ्याला रुमाल बांधून.
चार हजार तीनशे... तीनशे चाळीस...
माझे ओठ त्याच्याबरोबर चालले होते, मला कळलंच नाही.
रुमाल फडफडला.
पन्नालालशेठ म्हणाले,
"मन्मथअप्पानं दहा वाढवले बरं का!"
सगळे हसले. मीही हसलो.
माझं हसणं आता
कुकरच्या शिट्टीआधी सुटणाऱ्या वाफेसारखं आहे.

घरी आलो तर ती करंज्या तळत होती.
हात पिठाचे, पदराखाली धरले,
न विचारता विचारलं.
चार बोटं. तीन. सहा.
"चार हजार तीनशे साठ?"
वर्षात पहिल्यांदा तिनं सगळं बरोबर वाचलं.
मी पाचही बोटं दाबणार,
एवढ्यात हात सोडवून झारा उचलत म्हणाली,
"कमीच हाय की."