अंग चोरणे

टेम्पोत आई सांगते, अंग चोरून बस.
भांडी घासताना सांगते, अंग चोरू नकोस.
आठवीपर्यंत दोन्ही जमत आलं होतं.

मग सामन्याच्या सकाळी इरावती तापानं फणफणली
आणि तोमर मॅडमनी माझ्याकडे बोट केलं:
उंच आहेस, गोलमध्ये तू.
पॅड मुलांचे, जुने,
आत कुणाच्या तरी घामाचा वास.
कंपूच्या मैदानावर धुकं एवढं
की चेंडू दिसायच्या आधी ऐकू यायचा.

चार गोल बाजूनं गेले.
मी गुडघे जुळवून उभी, सवयीनं.
"फैल जा, लडकी!" मॅडम ओरडल्या.
असं मला कुणी कधीच रागावलं नव्हतं.

पाचवा मांडीवर घेतला.
पॅडच्या वर, नेमका.

हरलो. चार-शून्य.
न्यायला आई आली होती.
टेम्पोत शेजारचा माणूस
नेहमीसारखा गुडघे फाकून.
मी सरकले नाही.
बशीएवढा निळा डाग ठणकत होता,
राखत होता माझी वीतभर जागा.

समोरच्या बाकावरून आईनं पाहिलं,
काही सांगायला तोंड उघडलं,
मग मांडीवरची पिशवी खाली ठेवली
आणि दोन बायांच्या मध्ये
जराशी
ऐसपैस झाली.