रेड ऑक्साइड

जून. ट्रॉलरना बंदी, म्हणून आमची गाडी मोकळी,
आणि कुडचड्यात इनास बार्रेतच्या खड्ड्यावर उभी,
पोट उघडं टाकून.
दिवा मी धरलाय.
बाबा वर स्टुलावर. खाली बघत नाहीत.

इनास हातोडीने चासी वाजवत जातो.
निरोगी लोखंड टणकन बोलतं.
मागच्या दोन क्रॉसमेंबरांपाशी आवाज बसला,
ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा.
"मीठ, पात्रांव. बांगड्यांचं पाणी.
बर्फ वितळतो, फळीतून गळतो
आणि खात बसतो, तू घरी झोपलास तरी."

ही गाडी मासळीसाठी घेतलीच नव्हती.
रिवणहून कापशेच्या धक्क्यावर दिवसाला चार खेपा,
दोरीवर वाळत घातलेल्या चादरींना
वाळता वाळताच तांबडा रंग,
आई शिव्या घालायची आणि हप्ते मोजायची.
मग खाणी थांबल्या.
चार वर्षं गाडी फणसाखाली. हप्ते मात्र चालते.
मग कुटबणची जेटी, पहाटेचे तीन, बर्फ.
हिशेब आता मी लिहिते.

वायरब्रश फिरला तसे खवले पडू लागले.
गंजाला इनास खवलेच म्हणतो,
आणि त्यात खरेही होते, तारल्यांचे,
वाळून काचेसारखे झालेले.
माझ्या केसांत दोन्ही.

चासीच्या बाकात कोपरापर्यंत हात घालून
त्याने एक मूठ बाहेर काढली, माझ्या तळव्यावर ठेवली.
हा गंज नव्हता. जड होता.
दिव्याखाली बारीक चमकत होता.

तेव्हा बाबा शिडीने खाली उतरले.
चिमूट अंगठ्याने चोळली,
"साठच्या वरचं आहे," म्हणाले.
टक्के. अजून कळतं त्यांना.
थोड्या वेळाने, "तेवढा कोपरा राहू दे तसाच."
"ना रे. माती ओल धरते. पहिलं भोक तिथंच."
बाबांनी मूठ खिशात टाकली, रुमालात बांधून.

गोड्या पाण्याने धुतलं. हॅलोजन लावून
तीन दिवस वाळवलं, तरी हवा चिकटच.
इनास सांगत होता, बेतूलला त्याचा बाप
होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावायचा,
हातांची सालं निघायची,
होडी मात्र बापाच्या मागे वीस वर्षं चालली.

चौथ्या दिवशी प्रायमरचा डबा उघडला.
आत बघून मला हसू आलं.
डोंगराचा रंग. गंजाचा. आईच्या चादरींचा.
"हाही गंजच," इनास म्हणाला, "दळलेला, तेलात घोटलेला.
ज्याचं व्हायचं ते होऊन गेलंय,
त्याला आणखी कोण खाणार?"

तो चहाला गेला.
बाबांनी रुमाल सोडला, डब्यात झटकला,
काडीने ढवळलं.
मी दिवा जरा दुसरीकडे धरला.

परतल्यावर ब्रशाखाली करकर.
इनास थांबला. डब्यात बघितलं, बाबांकडे बघितलं.
"आसूं दी," म्हणाला, आणि मारत राहिला.

त्यावर डांबरी काळा, दोन हात.
पाणी जायच्या भोकांत आधी काड्या खोचल्या,
शेवटी एकेक उपटून काढली.
"ही बुजली तर बाहेरून राजा, आतून भुसा."
बिलातून मी पाचशे कमी करायला सांगितले,
त्याने दोनशे केले
आणि पुढच्या जूनची तारीख भिंतीवर खडूने लिहिली.

बंदी उठल्यावरची पहिली खेप.
कुटबणला क्रेट चढत होते, बाबा कुणाशी भावावरून भांडत.
मी खाली वाकून टॉर्च मारला.
काळ्यावर खारट थेंब लोंबत होते,
ओळीने,
आत जायला वाट शोधत.